मशीनवर मोकळ्या हाताची गोधडी: पहिल्यांदा शिवताना

मशीनवर नेहमीची टीप मारताना कापड आपण ढकलत नाही. सुईखालच्या प्लेटमधून वर येणारे दाते ते मागे नेतात, आणि टाका केवढा पडायचा हे बाजूच्या खटक्यावर ठरलेलं असतं. मोकळ्या हाताच्या शिलाईत, म्हणजे फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये, हे दाते कामातून काढून टाकायचे असतात. मग कापड पुढे, मागे, आडवं, गोल, हवं तिकडे फिरतं. वेल, कोयरी, नागमोडी, जे पेन न उचलता कागदावर काढता येतं ते गोधडीवर उमटतं. पण आता टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही. सुई किती वेगाने खालीवर होते आणि हात किती वेगाने सरकतात, या दोहोंच्या मेळातून ती ठरते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका हा मेळ चुकल्यामुळेच होतात.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ६०० टाके घालणारी मशीन सेकंदाला १० टाके घालते. गोधडीला इंचात ८ ते १० टाके शोभतात, म्हणजे या वेगाला हात सेकंदाला साधारण एक इंच सरकला पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर टेबलावर बोट एकेक इंच सरकवून पाहा. हात किती शांत ठेवायचा ते लगेच कळतं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो: मशीनची भीती वाटते म्हणून पाय आखडतो आणि हात मात्र घाईने ओढतो. मग अर्धा-अर्धा इंचाचे लांबडे टाके पडतात. पाय मोकळा आणि हात संथ, ही सवय लावून घ्यायची.

मशीन कोणती चालेल

घरातली काळी मशीन चालते, आणि चांगली चालते. लाकडी टेबलात बसवलेल्या मशीनचा पत्रा टेबलाच्या पातळीत असतो, त्यामुळे कापड कुठे अडत नाही. हे सुख महागड्या सुट्या मशीनवर नसतं. तिथे डाव्या बाजूला आणि मागे मशीनच्या उंचीइतके पाट किंवा वह्यांचे गठ्ठे लावून पातळी सारखी करावी लागते. पायडलची मशीन पहिल्या शिकण्याला फार चांगली, कारण तिचा वेग कमी आणि लयीत असतो. मोटर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: व्होल्टेज उतरलं की मोटर मंदावते, आणि हात त्याच वेगाने चालत राहिला तर टाके लांबतात. लाईट डळमळीत असेल त्या वेळी सुईचा आवाज ऐकत हात कमी-जास्त करा. टीप चालू असताना लाईट गेली तर चाक हाताने फिरवून सुई कापडात उतरवून ठेवा, म्हणजे जागा सुटत नाही.

दाते बाजूला करायच्या तीन रीती आहेत. काही मशीनींना दाते खाली नेणारा खटका किंवा बटण असतं. असेल तर तेच वापरा. नसेल तर सुईखालची प्लेट दोन स्क्रू सोडून काढायची, तिच्याखाली दाते दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेले दिसतात, ते काढायचे आणि प्लेट परत बसवायची. मशीन भरतकाम करणाऱ्या बाया वर्षानुवर्षं असंच करतात. स्क्रू काढले की लगेच वाटीत टाका, मशीनच्या पत्र्यावर ठेवले की ते नेमके शटलमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या भागात, घरंगळतात. तिसरी रीत सगळ्यात सोपी: टाक्याचा खटका शून्यावर न्यायचा. दाते खालीवर होत राहतात, पण कापड पुढे ओढत नाहीत. वर जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा चिकटपट्टीने लावून सुईपुरतं भोक ठेवलं तर कापडाला दात्यांचा स्पर्शही होत नाही. पहिल्या दिवशी आम्ही हीच रीत सुचवू, कारण यात काहीच उघडावं लागत नाही.

नेहमीचा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, काढून त्याजागी रफूचा किंवा भरतकामाचा फूट लावा. त्याला तळाशी छोटी गोल किंवा नालेच्या आकाराची कडी असते आणि वर स्प्रिंग. त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर टेकते, त्यामुळे सुई वर गेली की फूटही उचलला जातो आणि सुई खाली आली की कापड क्षणभर दाबलं जातं. लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडी भागात शिलाईच्या सामानाच्या दुकानात विचारताना जुना फूट सोबत न्या, म्हणजे दांडीची उंची जुळते. पातळ कापडावर रिंग लावून बिनफुटाचं भरतकाम होतं हे खरं, पण गोधडीचे थर जाड असतात. फूट नसेल तर सुई वर जाताना कापडही तिच्यासोबत उचललं जातं, खाली दोऱ्याचा फास तयार होत नाही आणि टाका सुटतो. शिवाय बोट सुईखाली जायची भीती वेगळीच.

सुई नवी घाला. दोन-तीन सुती थरांना १४ नंबर, जाड वाडिंग (मध्ये घालायच्या भरणाचा मऊ पत्रा) किंवा जुन्या लुगड्यांच्या चार-पाच थरांना १६ नंबर. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, त्या बाजूने दोरा ओवायचा. साधारण आठ तास शिवलं की सुई बदला. टोक बोथट झालेलं डोळ्यांना दिसत नाही, पण कापडाला कळतं. सुई घुसताना 'टक टक' आवाज यायला लागला की समजा.

कापड आणि थर

आपल्याकडच्या वाकळीत, गोधडीत वेगळं भरण नसतं. जुनी लुगडी, धोतरं, पातळं एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवतात. मशीनसाठी ही रीत उत्तम. वापरून मऊ झालेलं सुती कापड आधीच आटलेलं असतं, रंग सोडत नाही आणि एकमेकांना धरून राहतं. सरावाच्या तुकड्यासाठी वर-खाली एकेक सुती कापड आणि मध्ये जुन्या सुती पातळाचे दोन थर घ्या. सिंथेटिक साडी पहिल्यांदा नको, ती थरांमधून निसटते.

फुगीर गोधडी हवी असेल तर मध्ये वाडिंगचा पातळ पत्रा घाला, १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. २०० जीएसएमचं वाडिंग घेण्याचा मोह होतो, पण ते फुटाखाली सरकत नाही आणि चुण्या पडतात. कापसाच्या मुलखात राहून कापूस का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पिंजलेला सुटा कापूस मशीनखाली ढकलला जातो, त्याचे गोळे होतात, आणि तो जागेवर राहायला टिपा दोन इंचांपेक्षा जवळ घालाव्या लागतात. हात बसल्यावर तो जरूर वापरा, पहिल्या खेपेला नाही.

कापड नवीन असेल तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. खादीला हे सांगायलाच नको. राष्ट्रध्वज तयार होतात त्या नांदेडात चांगली खादी मिळते, आणि खालच्या थराला ती फार छान, कारण तिचा पोत बाकीच्या थरांना धरून ठेवतो. पण कोरी खादी धुतल्यावर चांगलीच आटते. न धुता लावली तर पहिल्या धुण्यात गोधडी एका अंगाने आखडते.

सरावासाठी १४ इंच चौरस तुकडे कापा, खालचं कापड आणि मधले थर दोन इंच मोठे. खालचं कापड फरशीवर उलटं पसरा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणून बसवा. ताठ हवं, पण विणीची आडवी-उभी रेघ तिरकी होईल इतकं ओढू नका. त्यावर मधले थर, त्यावर वरचं कापड सुलटं. मधून बाहेर तळहात फिरवत हवा काढा. मग मध्यापासून बाहेर दर चार इंचांवर, म्हणजे मूठभर अंतरावर, सेफ्टी पिना लावा. पिना नकोत तर त्याच अंतरावर लांब कच्चे टाके घाला. याला अर्धा तास लागतो आणि इथे घाई केलेली नंतर उसवता उसवता भरून द्यावी लागते.

आधी कागद

मशीनला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि पेन न उचलता तो भरा. मोकळ्या हाताच्या शिलाईत सुई म्हणजे जागेवर उभं असलेलं पेन आणि कापड म्हणजे फिरणारा कागद. म्हणून जी नक्षी एका दमात, न तुटता काढता येते तीच शिवायला सोयीची.

आपल्या लिपीतच चांगला सराव आहे. 'ळ' एकमेकांना जोडत ओळभर काढा: ळळळळ. दोन वेटोळी, मधून जाणारी रेघ, पुढच्या 'ळ'मध्ये शिरणारा दोरा. 'ळ' सारखे यायला लागले की डावं-उजवं वळण हाताला आलं असं समजा. मग मराठी ३ चा आकडा आडवा पाडून सलग काढा, की लाटा होतात. ओळीवर ओळ घातली तर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. मोडी लिहिताना कलम शक्य तेवढं न उचलता चालवत. तो ओघ हाताला हवा. रांगोळी काढणाऱ्या बाईचा हात तर निम्मा तयारच असतो, फक्त इथे चिमूट जागेवर आणि अंगण हलतं.

शेवटी नागमोडी. ही नक्षी सगळ्यात जास्त वापरली जाते, कारण ती कुठल्याही आकाराची जागा भरते. बोटांच्या टोकांसारखे गोल फुगवटे काढत जायचं, रेघ रेघेला छेदू द्यायची नाही, दोन रेघांमध्ये सगळीकडे सारखं अंतर, पहिल्यांदा तीन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) नको, पाऊण इंच ठेवा. अडचण येते ती एकच: आपणच आपल्याला कोपऱ्यात कोंडून घेतो. जमीन सारवताना आपण दाराकडे पाठ करून मागे मागे येतो, म्हणजे ओल्या जागेत पाय द्यावा लागत नाही. नागमोडी भरतानाही तसंच, बाहेर निघायची वाट कोणत्या बाजूला ठेवली आहे ते आधी ठरवून तिकडे सरकत या.

कागदाची दोन पानं भरेपर्यंत मशीनवर बसू नका.

पहिली टीप

पदर किंवा ओढणी खोचून बसा; चाकात आणि पट्ट्यात अडकते ती हीच. मोकळे केस बांधा. खुर्ची अशी ठेवा की सुई बरोबर छातीसमोर येईल आणि कोपर टेबलाच्या उंचीला किंचित वाकलेलं राहील. उन्हाळ्यात तळहात घामेजले की कापडावर पकड राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानात रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे मिळतात, ते घाला. नाहीतर नोटा मोजायला बोटात घालतात त्या रबरी टोप्या दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांत.

फूट वर असताना वरचा दोरा ओवा, म्हणजे तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन तबकड्यांमध्ये नीट बसतो. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, भरून घ्या. या कामाला दोरा भराभर संपतो, तेव्हा तीन-चार बॉबिन आधीच भरून ठेवा. वर-खाली एकाच जातीचा, एकाच जाडीचा दोरा लावा. पहिल्या तुकड्याला वरचा आणि खालचा दोरा वेगळ्या रंगाचा घेतला तर टेन्शन कुठे बिघडलंय ते लगेच दिसतं.

कापड फुटाखाली घाला आणि फूट वर-खाली करणारा मागचा खटका खाली पाडा. हे विसरू नका. हा फूट कापडावर घट्ट दाबून बसत नाही, त्यामुळे तो वर आहे की खाली ते नजरेला कळत नाही. पण खटका वर असेल तर टेन्शनच्या तबकड्या उघड्या राहतात, वरचा दोरा सैल सुटतो, आणि दहा टाक्यांत खाली दोऱ्याचं घरटं तयार होतं.

चाक आपल्याकडे फिरवून एक टाका घाला, वरचा दोरा हलकेच ओढा, खालच्या दोऱ्याचा फास वर येईल; तो ओढून दोन्ही टोकं चार-पाच इंच बाहेर काढा आणि डाव्या हाताने धरा. त्याच जागेवर, दोन-तीन सुतांत चार-पाच बारीक टाके घाला. ही गाठ झाली. इंचभर पुढे गेल्यावर ती टोकं कापून टाका, नाहीतर पुढच्या टिपेत शिवली जातात.

आता दोन्ही हात सुईच्या दोन्ही अंगांना, सुईपासून दोन-अडीच इंचांवर, पंजे पसरून ठेवा. भाकरी थापताना ताटावर हात जसे हलके फिरतात तसे, दाबून नाही. कापड फिरवायचं नाही, सरकवायचं. पुढची बाजू पुढेच राहते आणि कापड वर-खाली, डावी-उजवीकडे जातं. नजर सुईवर नको, जिथे जायचं आहे तिथे, अर्धा-पाऊण इंच पुढे. सायकल चालवताना चाकाकडे बघत नाही, तसंच.

पहिल्या ओळी सरळ मारा, पुढे आणि मागे. मग 'ळ'. मग ३ च्या लाटा. नागमोडी शेवटी. कापडावर हातांची जागा बदलायची झाली की आधी पाय थांबवा, सुई कापडात खाली असल्याची खात्री करा, मग हात उचलून पुन्हा ठेवा. शिवता शिवता हातांची जागा बदलली की नेमका तिथे टोकदार कोपरा येतो. सेफ्टी पिन दोन इंचांवर आली की काढून डबीत टाका, तिच्यावरून टीप नेऊ नका.

काय बिघडतं

तुकडा उलटा करा. पाठीमागची बाजू मशीनचं आणि हाताचं सगळं सांगते.

सरळ रेघेत टाके ठीक, पण वळणावर मागच्या बाजूला छोटे छोटे सैल फास, पापण्यांच्या केसांसारखे एका बाजूला ओढलेले दिसत असतील, तर वळणावर हात पळाला आहे. माणूस वळणावर घाई करतो, सरळ जागी रेंगाळतो. करायचं याच्या उलट. हात संथ करूनही पापण्या गेल्या नाहीत तर वरचं टेन्शन अर्धा आकडा घट्ट करा. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसत असतील तर वरचं टेन्शन जास्त घट्ट आहे, ते सैल करा. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर चार इंच शिवून बघा.

बॉबिनच्या डबीची तपासणी अशी: बॉबिन घातलेली डबी दोऱ्याने लटकवा. आपोआप सरसर खाली आली तर सैल, हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरून थांबली तर बरोबर, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. डबीवरचा छोटा स्क्रू पाव वळशापेक्षा जास्त फिरवू नका आणि तो वाटीवर धरून फिरवा.

टाके सुटत असतील तर क्रमाने पाहा: सुई बोथट किंवा वाकडी आहे का, पूर्ण वर बसली आहे का, थराच्या मानाने बारीक आहे का, फूट कापड दाबतो आहे का. सुई तुटत असेल तर बहुतेक वेळा सुई कापडात असतानाच कापड ओढलं जातंय, ती वाकते आणि प्लेटवर आपटते. तुटलेला तुकडा सापडल्याशिवाय पुढे शिवू नका, गोधडी अंगावर घ्यायची असते. दोरा सारखा तुटत असेल तर रीळ जुना आहे का पाहा. वीतभर दोरा दोन हातांत धरून झटका द्या, कच्च्यासारखा तुटला तर तो रीळ कच्च्या टाक्यांना ठेवा.

खालच्या कापडावर चुण्या येतात त्या पसरताना ढिलं राहिल्यामुळे, आणि वरच्यावर येतात त्या कडेकडून मध्याकडे शिवल्यामुळे. मध्यापासून बाहेर गेलं की झोल कडेला ढकलला जातो आणि तिथे तो कापून टाकता येतो.

दर दोन बॉबिननंतर प्लेटखालचे तंतू जुन्या दाढीच्या ब्रशने झटका आणि शटलला मशीन तेलाचा एक थेंब द्या. तेलानंतर आधी चिंधीवर शिवून घ्या.

मग लेकराचं दुपटं

दोन-तीन सरावाचे तुकडे भरले की सरळ मोठी गोधडी घेऊ नका. घरगुती मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत जागा साडेसहा-सात इंचच असते, त्यात पाच फुटी गोधडीची गुंडाळी कोंबणं हे वेगळंच कसब आहे. ३० बाय ३६ इंचांचं दुपटं पहिल्या कामाला बरोबर. वरचं कापड ३२ बाय ३८, मधला थर ३४ बाय ४०, खालचं ३६ बाय ४२ कापा. शिलाईने कापड आखडतं, म्हणून ही वाढ. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर वर आणि खाली एकेक मीटर पुरतं. रेघा खडूने किंवा गडद कापडावर झिजलेल्या साबणाच्या चिपटीने आखा, बॉलपेनने नाही.

उजवी बाजू मध्यापर्यंत घट्ट गुंडाळा आणि ती गुंडाळी खांबाच्या आत राहू द्या. डावीकडे आणि मागे खुर्ची किंवा बाज लावा. दुपटं टेबलावरून लोंबलं की त्याचं वजन सुईला ओढतं आणि टाके त्या बाजूला बारीक होतात. मध्यापासून सुरू करून वीतभर चौकोन भरा, थांबा, कापड नीट करा, पुढचा चौकोन. नक्षी सगळीकडे सारखी दाट ठेवा. एक कोपरा दाट आणि दुसरा विरळ झाला तर दाट बाजू आखडते आणि दुपटं जमिनीवर सपाट बसत नाही. तासाभराने उठा. खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि तसल्या खांद्यांनी टीप गोल येत नाही.

भरून झालं की चारी कडा ३० बाय ३६ वर काटकोनात कापा. आता दाते परत बसवा किंवा खटका शून्यावरून २.५ वर आणा, आणि साधा फूट लावा. गोटासाठी अडीच इंच रुंद पट्ट्या: घेर १३२ इंच आणि कोपऱ्यांसाठी दहा-बारा इंच धरून, ४४ इंच पन्ह्यातल्या चार पट्ट्या पुरतात, म्हणजे दहा इंच कापड. पट्ट्या जोडून लांबीत दुमडून इस्त्री करा, दुमड आत आणि उघड्या कडा दुपट्याच्या कडेला मिळवून पाव इंचावर टीप मारा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून दोरा तोडा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणा आणि दुसऱ्या कडेला वरून टीप सुरू करा. गोट मागे उलटवून हाताने हेम घाला.

पहिलं धुणं गार पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. मग सावलीत, दोरीवर न टांगता बाजेवर आडवं पसरून वाळवा. ओलं दुपटं जड असतं आणि टांगलं की टिपा एका बाजूला ताणल्या जातात.